शुद्धलेखन

दोन्ही श चुकले होते. पोटफोड्या हवा तिथं शेंडीफोड्या, शेंडीफोड्या हवा तिथं पोटफोड्या. ओसरीच्या पायरीवर उभं राहून चोयी रंगाऱ्यानं कागद पुढं केला तेव्हा कणारन वैद्याच्या बोटांखाली एका म्हातारीची नाडी होती. त्यानं क्षणभर तिचं मनगट सोडलं, कानावरची पेन्सिल काढली, दोन्ही अक्षरं खोडून वर नीट लिहिली आणि कागद परत दिला. यात नवं काही नव्हतं. कोझिकोडमधल्या निम्म्या पाट्या रंगायच्या आधी त्याच्या ओसरीवर येऊन जात. सोड्याचं दुकान, शिंप्याचं दुकान, तिय्यांचं वाचनालय, सगळ्यांच्या वेलांट्या त्यानंच सरळ केलेल्या. "उपकार झाले, स्वामी," चोयी म्हणाला. "मालकांची नजर अक्षरावर फार. मागं एक उकार ऱ्हस्व पडला तर अख्खी पाटी घासून काढायला लावली मला." आणि कागदाची घडी मुंडूच्या कनवटीला खोचून, रंगाचा डबा हलवत तो निघून गेला. कणारननं पुन्हा नाडीवर बोटं ठेवली. वाताची नाडी, सापासारखी सरपटणारी. तो मोजत राहिला, आणि सातव्या की आठव्या ठोक्याला त्यानं जे वाचलं होतं त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत येऊन पोचला. 'चेरुमर आदी जातींना येथून पुढे प्रवेश निषिद्ध. आज्ञेवरून, देवस्थान समिती.' म्हातारी कळवळली. "काय झालं स्वामी? माझं काही वाईट आहे का?" तेव्हा कुठं त्याला कळलं, की आपण तिचं मनगट आवळून धरलंय. "तुझं नाही," तो म्हणाला. "तुझं काही वाईट नाही, आई. सुंठ घे. घरी जा."

म्हातारी गेली. पायरीवर अजून चार माणसं बसली होती, त्यांना त्यानं हातानंच जा म्हणून खुणावलं; एकजण खोकत खोकत उठला आणि जाताना वाकून नमस्कार करून गेला. त्या नमस्कारानं कणारनचं डोकं आणखी तापलं. त्यानं स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. पित्ताची नाडी बेडकासारखी उड्या मारते असं तो तीस वर्षं शिकवत आला होता. आता त्याच्या हातात बेडूक होता. देवस्थान म्हणजे त्याचं देवस्थान. नऊ वर्षांपूर्वी याच हातांनी त्यानं तिथं शिवाची पिंडी बसवली. तिय्याच्या, ताडी काढणाऱ्याच्या पोरानं मंत्र म्हणून पिंडी बसवली म्हणून शहरभर गहजब झाला होता. आणि त्या देवळाच्या फाटकावर जी पाटी लागणार होती तिच्यातल्या चुका त्यानंच काढून दिल्या. वाचून नव्हे. वाचलं असतं तर कागद फाडला असता, चोयीच्या तोंडावर फेकला असता, असं त्यानं स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि त्या म्हणण्याचा त्याला संताप आला. डोळ्यांनी वाचलंच होतं की. अर्थ मागं राहिला आणि अक्षर पुढं आलं. आयुष्यभर हेच शिकलो आपण, अक्षर. बासष्ट वर्षांच्या त्या हाताकडं तो असा बघत राहिला, जसं एखाद्या चोरी करताना सापडलेल्या ओळखीच्या माणसाकडं बघावं.

आतून बांगडा तळल्याचा वास आला. त्याची मोठी बहीण चिरुता परसातल्या चुलीवर स्वतःपुरता मासा तळत होती. कणारननं मासळी सोडून पंचवीस वर्षं झाली, तिनं एक दिवसही सोडली नव्हती. सगळं गाव त्याला स्वामी म्हणे, ती एकटी कणारा म्हणे, आणि तो तिला एच्ची, म्हणजे ताई. तिनं पेज आणून ठेवली आणि म्हणाली, "रोगी का घालवलेस? कणारा, तोंड बघ तुझं. कुणी मेलं का?" त्यानं सांगितलं. पाटीचं सांगितलं; आपण दुरुस्त करून दिली ते सांगितलं नाही. चिरुता खांबाला टेकून ऐकत होती. नवरा गेल्यावर ती इथं आली त्याला वीस वर्षं झाली. पण त्याच्या देवळात ती एकदाही गेली नव्हती. "मग?" ती म्हणाली. "तुझ्या देवानं बोलावलंय कधी त्यांना?" "एच्ची, तू गप्प बस." "का गप्प बसू? माझी देवी होती परसात. कोंबडं खायची, ताडी प्यायची, तुला तिची लाज वाटली. तिच्या जत्रेला आपल्याहूनही खालचा ठरवलेला चेरुमन यायचा, लाल कापड गुंडाळून नाचायचा, त्याच्या अंगात आलं की तुझा बाप त्याच्यासमोर हात जोडून उभा राहायचा. वर्षातून एक दिवस का होईना. माझ्या देवीनं कोंबडी खाल्ली रे, पण माणूस हाकलला नाही." ती आत गेली. फणसाच्या पानाचा चमचा पेजेत तरंगत राहिला, त्यानं हात लावला नाही.

ते खरं होतं आणि त्यामुळंच त्याला सहन होईना. परसाच्या टोकाला, सुरंगीच्या झाडाखाली पूर्वी देवीचे तीन दगड होते, रक्तानं काळे पडलेले. पळणीहून आणि पलीकडच्या तमिळ मुलखातून आठ वर्षं भटकून तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात उपनिषदं होती आणि अंगात ताप होता. त्यानं ते दगड एका सकाळी पोत्यात घालून समुद्रात नेऊन टाकले. चिरुता वाळूवर बसून छाती बडवत होती, आणि तो गुडघाभर पाण्यात उभा राहून तिला सांगत होता की आपण हीन का ठरलो ते समजून घे, आपले देव हीन म्हणून. आपण ताडी सोडू, कोंबडं सोडू, आंघोळ करू, अक्षर शिकू, मग बघू कोण आपल्याला लांब उभं करतो. गाव त्याच्यामागं आलं. ताडीची मडकी फुटली, शाळा निघाली, पोरं कारकून झाली, एक डॉक्टर झाला. लोकांनी त्याला मालेवर माला घातल्या. आणि या सगळ्या वर्षांत त्याच्या पोटात एक अकरा वर्षांचा मुलगा बसून होता. त्याला या मालांचं काही नव्हतं. तो मुलगा औषधाच्या पाल्याचा भारा घेऊन मामाकडं चालला होता आणि जवळची म्हणून वरच्या जातींच्या मोठ्या देवळामागची, तिय्यांना बंद असलेली गल्ली त्यानं धरली. पहारेकऱ्यानं काठी उगारली. समोरच्या माडावरून त्याचा बाप हे बघत होता. सरसर उतरला, धावत आला, आणि पहारेकऱ्याच्या काठीच्या आधी बापाचा हात पडला. माडाचा फुलोरा ठोकून ताडी उतरवायच्या हाडकानं बापानं त्याला मारलं. पाठीवर, मांडीवर, पहारेकऱ्याच्या चेहऱ्याकडं बघत बघत मारलं, त्याचं समाधान होतंय का ते बघत. शेवटी पहारेकरीच म्हणाला, "पुरे रे, मरेल पोरगं." दया त्याच्या तोंडून आली. बाप घरी येऊन त्याच्या अंगाला खोबरेल तेल चोळत बसला. त्या तेलाचा वास कणारनला अजून चालत नसे. पोराला वाचवण्यासाठी बापानं मारलं हे त्याला मोठेपणी समजलं. पण समजणं वेगळं, आणि राग वेगळा.

तो उठला आणि कल्लायीच्या वखारीवर गेला. रारिच्चन मालकाची वखार म्हणजे नदीकाठी पाव मैल पसरलेले सागाचे ओंडके, हत्ती, आरे, भुसा. लढाईमुळं सागाला सोन्याचा भाव होता. रारिच्चनचा बापही ताडी काढणाराच. मुलाला बाराखडी कणारननं शिकवली, याच हातानं त्याचा हात धरून तांदळात गिरवून घेतली. आज तो नगरपालिकेत गोऱ्या साहेबाच्या ओळीत खुर्चीवर बसतो आणि देवस्थान समितीचा अध्यक्ष आहे. कणारन दिसताच तो पायातल्या चपला काढून उभा राहिला. "स्वामी! उन्हाचे कशाला आलात, बोलावणं धाडायचं. बसा. शहाळं काढायला सांगतो."

"शहाळं नको. पाटी कुणी ठरवली?"

"समितीनं. रीतसर ठराव झाला."

"मला विचारावंसं वाटलं नाही?"

"असं कसं स्वामी? विचारलं की!" रारिच्चनच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. "चोयीला मुद्दाम तुमच्याकडं धाडला. म्हटलं, स्वामींच्या नजरेखालून जाऊ दे. तुम्हाला पटलं नसतं तर बोलला असतात. तुम्ही शुद्ध करून दिलंत, एक अक्षर बोलला नाहीत. चोयी इथं येऊन सगळ्यांना सांगत होता. मग आम्ही काय समजायचं?"

आरा ओंडक्यातून चालला होता. त्याचा आवाज कणारनच्या दातांतून जात होता. तो म्हणाला, "रारिच्चा, आपल्याला कुणी लांब उभं केलं होतं ते विसरलास?"

"विसरलो नाही म्हणूनच." आता रारिच्चन खालच्या आवाजात, समजावणीनं बोलू लागला, मोठ्या लाकडाचा सौदा करताना तो असाच बोले. "पुढच्या महिन्यात उत्सव आहे. मेनन वकील घरच्या बायकांना घेऊन दर्शनाला यायचं म्हणतायत. नायर, स्वामी! तिय्याच्या देवळात! तुमचा बाप, माझा बाप, स्वप्नात तरी बघितलं असतं का? त्यांचं म्हणणं एवढंच, की चेरुमर आत यायला नकोत. आणि शुक्रवारी त्या चेरुमन तेय्यनच्या पोरीनं नेमका घोळ घातला. कुरुंबा. तान्हं पोर घेऊन सरळ दगडी पायरीपर्यंत आली. म्हणे उष्टावण करायचंय. पोरांनी जरा ढकललं."

"ढकललं म्हणजे?"

"पडली. कपाळाला खोक पडली थोडी. पोराला काही नाही झालं, तिनं वरच्यावर धरलं त्याला. म्हणून म्हटलं, रोजची कटकट नको, पाटी लावून मोकळं व्हावं. कायद्यानंही आपलीच बाजू. कलेक्टरसाहेबाचा कागद आहे ना, तुम्हीच मिळवलेला."

तो कागद! पिंडी बसवली तेव्हा मोठ्या देवळाचे लोक कलेक्टरकडं गेले होते. कलेक्टर घोड्यावरून आला, उतरलाही नाही, मडकी फोडलेल्या त्या माळाकडं आणि अर्धवट भिंतीकडं बघून हसला आणि लिहून गेला: ही खासगी जागा आहे, यांनी ज्याला घ्यायचं त्याला आत घ्यावं, ज्याला नको त्याला घेऊ नये, सरकार मध्ये पडणार नाही. त्या रात्री लोकांनी कणारनला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. त्यातला पहिला अर्धाच सगळ्यांनी ऐकला होता, त्यानंही.

"आणि स्वामी, रागावू नका," रारिच्चन म्हणाला, "पण गेली नऊ वर्षं ते बाहेरच उभे राहत होते. तुमच्या डोळ्यांसमोर. तेव्हा पाटी नव्हती, एवढंच."

कणारननं हात उगारला नाही. तो वखारीतून बाहेर पडला आणि चालत सुटला. खोबऱ्याच्या बाजारातून, हलवायांच्या रस्त्यावरून, कुठं वळतोय ते न बघता. लोक बाजूला होऊन हात जोडत होते आणि त्याला त्यांच्या जोडलेल्या हातांवर चापट्या माराव्याशा वाटत होत्या. खरं बोलला होता हरामखोर. सकाळपासून सगळे खरंच बोलत होते. देवळाचे चिरे चेरुमरांनी काढले, डोक्यावरून आणले. तळं तेय्यननं खणलं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तळाशी पाणी लागलं, तेव्हा छातीपर्यंत चिखलात उभ्या असलेल्या तेय्यननं ओंजळ भरली आणि काय करावं न सुचून तशीच वर धरली; आणि कणारन सगळ्यांदेखत वाकून ते पाणी प्याला. गढूळ, लाल, लोखंडाच्या चवीचं. काठावरचे तिय्या दचकले, मग कुणीतरी जयजयकार केला आणि सगळ्यांनी केला. ती गोष्ट अजून सांगतात. पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. पिंडी बसवायच्या दिवशी तेय्यन नवं मुंडू नेसून, बायकोला आणि छोट्या कुरुंबेला घेऊन फाटकाशी आला, तेव्हा कणारन स्वतः त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तेय्यन, यंदा इथूनच बघ. माणसं अजून तयार नाहीत. हळूहळू होईल. पुढच्या वर्षी मी स्वतः तुला आत नेतो." तेय्यन म्हणाला, "बरं, स्वामी." पुढच्या वर्षी शाळेच्या इमारतीचं चाललं होतं, त्यात फूट नको होती. त्याच्या पुढच्या वर्षी पटकी आली. मग तेय्यननं विचारणं सोडलं आणि कणारनला हायसं वाटलं. हो, हायसंच. बाजाराच्या मधोमध तो थांबला. 'हळूहळू'. केवढा गोड शब्द. किती भाषणांत वापरला. लोक माना डोलवायचे. खांद्यावर हात ठेवला होता आपण त्याच्या, आणि तो हात त्याला आत नेण्यासाठी नव्हता, थोपवून धरण्यासाठी होता.

फाटकाशी पोचला तेव्हा पाटी लागलेली होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं, रंग अजून ओला. श, ष, सगळं जिथल्या तिथं. संध्याकाळच्या आरतीची माणसं येत होती. त्याला बघून त्यांनी वाट केली. कणारन आत गेला नाही. पाटीच्या अलीकडं, चेरुमर उभे राहत त्या लाल मातीत, तो खाली बसला. "ही पाटी आहे तोवर मी इथून उठणार नाही आणि आत येणार नाही," तो मोठ्यानं म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. पुजाऱ्याला, ज्याला मंत्र त्यानंच शिकवले होते, रडू फुटलं. बातमी गावभर झाली. दिवे लागायच्या आत तीनशे माणसं जमली, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, आता होईल. आता हे लाजतील. रागाची एक वेगळीच, जवळजवळ सुखाची लहर त्याच्या अंगातून गेली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी बसायला पाट आणून ठेवला. त्यानं तो बाजूला सारला. तर तो पाट उचलून, डोळ्यांना लावून एकजण घरी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी ऊन फार म्हणून रारिच्चननं माणसं लावून त्याच्या डोक्यावर माडाच्या झावळ्यांचा मांडव घालून दिला. त्यानं शिव्या दिल्या. आयुष्यात प्रथमच, चारचौघांत, ताडीच्या गुत्त्यातल्या शिव्या दिल्या. आणि मांडव घालणारे एकमेकांकडं बघून हळूच म्हणाले, स्वामींना आता देहभान उरलं नाही. बायका येऊन समोर केळी ठेवू लागल्या, समई लावू लागल्या. पाटीबद्दल कुणी बोलेना. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे: स्वामींनी बाहेर बसायचं व्रत घेतलंय. कशासाठी? लोककल्याणासाठी. तो ओरडून सांगायचा, "व्रत नाही रे गाढवांनो, मी भांडतोय तुमच्याशी!" आणि समोरची म्हातारी डोळे पुसायची. चौथ्या दिवशी चिरुता पेज घेऊन आली. समया, केळी, झेंडूच्या माळा बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वा," ती म्हणाली. "झालास की तूही देव. आता एखादं कोंबडं कापू का तुझ्यापुढं?" "एच्ची, मी उठलो तर हरलो." "आणि बसलास तर?" तिनं विचारलं. "कणारा, तुला वेद पाठ झाले, पण ही माणसं नाही रे पाठ झाली. यांना मारलंस तरी हे पायच धरतील." त्यानं पेज प्यायली नाही. तिनं ती तिथंच मातीत ओतली आणि रिकामं भांडं घेऊन गेली.

आणि त्याचं लक्ष सारखं रस्त्याकडं. चेरुमर दिसत नव्हते. एकही नाही. कामाला जाताना ते याच रस्त्यानं जायचे, फाटकापाशी थबकून, हात जोडून, पुढं सरकायचे. चार दिवसांत एक माणूस फिरकला नाही. तो ज्यांच्या जागेवर येऊन बसला होता, ते गेले कुठं? आधी त्याला वाटलं, मार बसेल म्हणून भीत असतील. मग, सांगायलाही लाज वाटावी असा, त्याला त्यांचाच राग आला. मी इथं उन्हात बसलोय आणि यांना येऊन बघावंसंही वाटत नाही! तो राग आला तसा त्यानं ओळखला. पण ओळखल्यानं तो गेला नाही, मुंगळ्यासारखा चिकटून राहिला.

सातव्या दिवशी सकाळी कुदळीचा आवाज आला. दोन माणसं पाटीचा खांब उपटत होती. कणारन उठून उभा राहिला, गुडघे धरून, मांडवाची झावळी धरून. गर्दी होती. रारिच्चन स्वतः उभा होता, उघड्या अंगानं, खांद्यावर शुभ्र वस्त्र. खांब निघाला. माणसांनी तो खांद्यावर घेतला आणि कणारनच्या जवळून, त्याला लवून नमस्कार करून, ते रस्त्याच्या दिशेनं चालू लागले. एकजण मोठ्यानं पावलं मोजत होता. चाळीस झाल्यावर थांबला. तिथं त्यांनी नवा खड्डा खणायला घेतला.

"हे काय चाललंय?" कणारननं विचारलं.

रारिच्चन जवळ आला. रात्रभर झोपला नसावा. डोळे सुजलेले होते. "स्वामी, तुम्ही उठणार नाही म्हणता. तुम्ही बसलात ती जागाही आता क्षेत्रच झाली. तिथवर विटाळ नको म्हणून..."

बाकीचं कणारननं ऐकलं नाही. त्यानं मारलं. सगळा उजवा हात मागं नेऊन, तांदळात अक्षरं गिरवून घेतलेला तो हात, रारिच्चनच्या गालावर इतक्या जोरानं बसला की खांद्यावरचं वस्त्र खाली पडलं. गर्दी थिजली. कुदळ थांबली. कणारन धापा टाकत होता. त्याला वाटत होतं, आता तरी. मार, मला मार, तुझी माणसं सोड माझ्यावर, मला फरफटत ने, काहीतरी कर माणसासारखं. रारिच्चनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं लाल झालेल्या गालावरून बोटं फिरवली आणि ती बोटं आपल्या डोळ्यांना लावली. मग वाकला आणि कणारनच्या पायाशी आडवा पडला. "शिक्षा केलीत स्वामी," तो म्हणाला, "आपलं मानलंत म्हणून केलीत." मागं कुणीतरी शिवाचं नाव घेतलं, मग सगळ्यांनी घेतलं, आणि त्या गजरात कुदळ पुन्हा चालू झाली.

कणारन रारिच्चनला ओलांडून निघाला. कुणी अडवलं नाही. बरेचजण मागोमाग यायला लागले, तेव्हा त्यानं वाकून दगड उचलला आणि मारायच्या बेतात उभा राहिला, तेव्हा कुठं ते थांबले. नव्या खड्ड्याच्या कडेनं, रस्ता ओलांडून, भातखाचरांच्या बांधावरून तो पूर्वेला चालत राहिला. डोक्यात काही विचार नव्हता, फक्त एक आवाज होता, आऱ्यासारखा. मैल दीड मैलावर चिऱ्याची खाण होती. जमिनीत पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला लाल खड्डा. तळाशी पुरुष चिरे तोडत होते, आणि अरुंद उतरणीवरून बायका डोक्यावर चिरे घेऊन वर येत होत्या. कणारन उतरणीच्या मधोमध जाऊन थांबला. दोन पायऱ्या खाली तेय्यन होता, केस पांढरे झालेले, हातात कुऱ्हाडीसारखं चिरे तोडायचं हत्यार. त्यानं वर बघितलं. बाकीचे क्षणभर थांबले, मग पुन्हा कामाला लागले. कुणी हात जोडले नाहीत. हात मोकळे नव्हते.

"तेय्यन, मी सात दिवस तिथं बसलो होतो," कणारन म्हणाला.

"ऐकलं."

"एकदाही आला नाहीस."

तेय्यननं हत्यार खाली ठेवलं नाही. "तुम्ही बसलात तिथं आमची उभी राहायची जागा होती. तुमच्याभोवती माणसं, दिवे, केळी. आम्ही यायचं कुठून? आज म्हणे आणखी चाळीस पावलं मागं गेलो आम्ही." तो शांतपणे बोलत होता, पण त्याच्या मानेची शीर उडत होती, आणि कणारननं ती लांबूनच वाचली. "उठा, उठा तिथून, असं तुम्हाला सांगावं म्हणून दोनदा निघालो. पण सांगायला जवळ यायचं कसं?"

"मी तुला फसवलं," कणारन म्हणाला. हे वाक्य नऊ वर्षं कुठं अडून बसलं होतं कोण जाणे. "पुढच्या वर्षी म्हणालो आणि फसवलं."

"हो," तेय्यन म्हणाला.

त्यानं नाही म्हणायला हवं होतं. आजवर सगळे नाही म्हणत आले होते. कणारन त्या एका शब्दापाशी उभा राहिला. काहीतरी मोठं बोलावं असं त्याच्या जिभेवर येत होतं, मी त्या देवळात पुन्हा पाय ठेवणार नाही, मी इथंच राहीन, तुमच्या पोरांना अक्षर शिकवीन, आणि प्रत्येक वाक्य त्याला भाषणासारखं ऐकू येत होतं. "आता मी काय करू?" त्यानं शेवटी विचारलं.

"ते तुम्ही मला विचारता?" आता मात्र तेय्यनचा आवाज चढला. "मी रोज वीस चिरे तोडतो, स्वामी. माझ्या पोरीचं डोकं फुटलं तेव्हाही मी चिरेच तोडत होतो. मला काय विचारता?" आणि त्यानं पाठ फिरवून हत्यार दगडात हाणलं. लाल भुकटी उडाली.

खालून कुरुंबा चढत येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा, एक हात चिऱ्याला. कपाळावर पाल्याचा लगदा बांधलेला, त्याखालून जखमेची कड दिसत होती, सुजलेली, पिवळट. वैद्याला ती बघवली नाही. त्यानं हात पुढं केला. "पोरी, यात पू झालाय. थांब, मला बघू दे."

तिची मान वजनाखाली ताठ होती, त्यामुळं तिनं त्याच्याकडं बघितलं ते फक्त डोळ्यांनी. मागं उतरणीवर आणखी तिघी बायका भार घेऊन खोळंबल्या होत्या.

"बाजूला व्हा," कुरुंबा म्हणाली. "चिरा पडेल."

कणारन बाजूला झाला.